ऑटिस्टिक व्यक्तींनी व्यक्तिमत्त्व चाचणी कशी सोडवावी आणि तिचा निकाल कसा वाचावा

आपण ऑटिस्टिक आहोत हे प्रौढ वयात उमगलेल्या अनेकांना त्यानंतर एक प्रश्न सतत पडत राहतो: माझ्यातला मूळ स्वभाव कोणता, ऑटिझममुळे आलेले काय आणि इतकी वर्षे चारचौघांत सामावून जाण्यासाठी अंगवळणी पाडून घेतलेले काय? याचे उत्तर शोधताना पुष्कळ जण व्यक्तिमत्त्व चाचण्यांकडे वळतात आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र या चाचण्यांतील बहुतेक प्रश्न ऑटिस्टिक माणसाचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नसतात. म्हणून मिळालेल्या निकालाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व प्रश्न सोडवताना आपण कुठे आणि का अडलो याच्या नोंदींना द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

चाचणी निवडताना ती माणसाचे प्रकार पाडते की गुणविशेषांचे प्रमाण मोजते, हे आधी पाहावे. सर्वांत लोकप्रिय असलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणी स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी 1921 साली मांडलेल्या विचारांच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी विकसित केली. अंतर्मुख-बहिर्मुख यांसारख्या चार जोड्यांपैकी प्रत्येकीतील एक बाजू निवडून ती माणसाला सोळापैकी एका प्रकारात बसवते. यात अडचण अशी की बहुतेक माणसे या जोड्यांच्या टोकांना नसून मधल्या भागात असतात, त्यामुळे एखाददुसरे उत्तर बदलले तरी काही आठवड्यांनी तोच माणूस वेगळ्या प्रकारात मोडू शकतो. ‘बिग फाइव्ह’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत नवीन अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सहमतीशीलता आणि भावनिक अस्थिरता हे पाच गुणविशेष कमी-अधिक प्रमाणात मोजते आणि तिला संशोधनाचा आधारही अधिक भक्कम आहे. एकच चाचणी करायची असेल तर हीच करावी.

प्रश्नावली सोडवायला बसताना वही जवळ ठेवावी आणि तीत तारीख, आदल्या रात्रीची झोप आणि गेल्या आठवड्यातील ताण यांची नोंद करावी. दीर्घकाळच्या दमणुकीने बोलणे, माणसे आणि साधी कामेही नकोशी झालेल्या अवस्थेत दिलेली उत्तरे त्या अवस्थेचे चित्र दाखवतात, स्वभावाचे नव्हे. अशा वेळी चाचणी पुढे ढकलणे उत्तम.

आता प्रत्यक्ष प्रश्नांकडे वळू. ‘तुम्हाला लोकांमध्ये मिसळायला आवडते का?’ असा प्रश्न समोर आला की अनेक ऑटिस्टिक व्यक्तींचा हात तिथेच थांबतो. लोक किती? ओळखीचे की अनोळखी? गप्पांना काही विषय आहे की नुसतीच विचारपूस? खोलीत संगीत सुरू आहे का आणि दिवे किती प्रखर आहेत? आवडते म्हणजे त्या क्षणी आवडते, की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसले तरी एकंदरीत आवडते? हे सारे प्रश्न रास्त आहेत आणि ते पडतात म्हणून आपण चाचणी चुकीची सोडवतो आहोत असे मुळीच मानू नये. प्रश्नकर्त्याला अभिप्रेत असलेली ढोबळ परिस्थिती गृहीत धरून एक उत्तर निवडावे आणि वहीत त्या उत्तरासमोर अट लिहून ठेवावी, उदाहरणार्थ, ‘दोन-तीन ओळखीची माणसे आणि आवडीचा विषय असेल तर होय, गोंगाटात नाही’. केवळ नेमके उत्तर सुचत नाही म्हणून ‘तटस्थ’ हा पर्याय निवडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण असे बरेच तटस्थ जमले की निकाल मधोमध येतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

या अटी एकत्र वाचल्या की जे दिसते ते निकालात कधीच दिसत नाही. तीन माणसांना बहिर्मुखतेत सारखेच कमी गुण मिळाले असे समजा. एकाला खरोखरच माणसांची ओढ कमी आहे. दुसऱ्याला माणसे हवीहवीशी वाटतात, पण एकाच वेळी चालणारी चार संभाषणे त्याच्या कानांना सोसवत नाहीत. तिसरीला गोंगाटाचाही त्रास नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून प्रत्येक वाक्य मनात तपासून बोलण्याच्या सवयीने ती थकते. चाचणीच्या लेखी तिघेही अंतर्मुख आहेत. प्रत्यक्षात पहिल्याने एकांत निःसंकोच स्वीकारावा, दुसऱ्याने शांत जागा शोधावी आणि तिसरीने जिथे असे तोलूनमापून बोलावे लागत नाही अशी सोबत शोधावी, हे योग्य. आपण यांपैकी कोण, याची शंका असेल तर पडताळा घेता येतो: त्याच माणसांना एकदा शांत ठिकाणी भेटावे आणि थकव्यात फरक पडतो का ते पाहावे.

कर्तव्यदक्षतेच्या प्रश्नांतही असेच होते. ठरलेला दिनक्रम मोडला की बेचैन होणारी व्यक्ती कामाला सुरुवात करणे, एका कामातून दुसऱ्यात शिरणे यांत तासन्‌तास अडकून पडू शकते, आणि तीच व्यक्ती आवडीच्या विषयात इतरांना थक्क करणारी चिकाटी दाखवते. इथे आवडीच्या कामांसाठी एक आणि उरलेल्यांसाठी एक, अशी दोन उत्तरे लिहावीत. त्यामुळे ज्याला आयुष्यभर आळस म्हटले गेले तो मुळात सुरुवात करण्यातला अडथळा होता, हे अनेकांना प्रथमच लक्षात येते.

आपण ऑटिस्टिक असल्याचे लपवण्याची, म्हणजे मास्किंगची, सवय असणाऱ्यांनी चाचणी दोनदा सोडवावी: एकदा इतरांसमोर आपण जसे वागतो तशी आणि नंतर कुणीही पाहत नसताना जसे असतो तशी. जिथे दोन्ही उत्तरांत मोठी तफावत असेल त्या प्रश्नांभोवती खूण करावी, कारण रोजची शक्ती बहुधा तिथेच खर्च होत असते.

भावनांविषयीचे प्रश्न अधिक अवघड असतात. स्वतःच्या भावना ओळखणे आणि शब्दांत मांडणे कठीण जाणे याला अलेक्सिथायमिया म्हणतात आणि संशोधनानुसार सुमारे निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये ती आढळते. अशा व्यक्तीने ‘मी सहसा शांत असतो’ याला प्रामाणिकपणे होकार दिला, तरी तिचा जबडा आवळलेला आणि पोट बिघडलेले असू शकते. तेव्हा अशा प्रश्नांची उत्तरे लगेच देऊ नयेत. आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा श्वास, खांदे, पोट आणि भूक यांची स्थिती लिहावी, तेव्हा आजूबाजूला काय घडत होते तेही लिहावे आणि मग त्या नोंदी पाहून उत्तर द्यावे.

निकाल हाती आल्यावर त्यातील वर्णनावर लगेच विश्वास ठेवू नये. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना स्वभावाचे एकच सरसकट वर्णन प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून दिले, तेव्हा त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले होते. यावर सोपा उपाय म्हणजे आपल्याला न मिळालेल्या दोन प्रकारांची वर्णनेही वाचणे. तीही तितकीच लागू पडत असतील तर त्या वर्णनाला फारसा अर्थ नाही. बिग फाइव्हमध्ये भावनिक अस्थिरतेचे गुण जास्त आले तरी खचून जाऊ नये. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये सरासरीने ते जास्तच आढळतात, आणि न सोसवणारे आवाज, अचानक बदलणारे बेत व वारंवार होणारे गैरसमज यांत दिवस काढणाऱ्याला चिंता वाटणे स्वाभाविक आहे.

एखादा विशिष्ट व्यक्तिमत्त्व प्रकार म्हणजेच ऑटिझम, असाही समज आढळतो. तो चुकीचा आहे. ऑटिस्टिक माणसे सर्व स्वभावांची असतात. ऑटिझमची शक्यता तपासण्यासाठी 2001 साली प्रसिद्ध झालेली 50 प्रश्नांची ‘एक्यू’ किंवा 80 प्रश्नांची ‘राड्स-आर’ अशा वेगळ्या प्रश्नावल्या आहेत आणि त्याही केवळ प्राथमिक चाळणीसाठी आहेत, निदान तज्ज्ञच करतात. तज्ज्ञांकडे जाताना निकालाच्या कागदाबरोबर अटींची वही अवश्य न्यावी, कारण त्यांना हवी असलेली उदाहरणे तिच्यात आधीच लिहिलेली असतात.

नोकरीच्या ठिकाणी अशी चाचणी द्यावी लागली तर ही वही आणि दुसऱ्यांदा दिलेली उत्तरे स्वतःपुरतीच ठेवावीत. मायर्स-ब्रिग्जच्या प्रकाशकांनीच ती चाचणी उमेदवार निवडण्यासाठी वापरू नये असे स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे भरतीसाठी ती मागितली गेल्यास हे नम्रपणे निदर्शनास आणून देण्यास हरकत नाही.