‘म्हणे’ नेमकं कुठे चालतं? अर्थ तपासण्याच्या फील्डवर्कची पद्धत

‘म्हणे’चा अर्थ विचारला तर मराठी माणूस ‘ऐकीव गोष्ट’ असं सांगून मोकळा होतो. कोशाला तेवढं पुरतं. अर्थविज्ञानाचे प्रश्न त्यापुढचे असतात. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला ‘म्हणे’ लागतं का? खुणांवरून केलेल्या अंदाजाला? आणि जी गोष्ट खोटी आहे हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, तिला? हे भाषकाला सरळ विचारून उपयोग नाही. शब्द बिनचूक वापरणाऱ्याला त्याचं विश्लेषण करता येईलच असं नसतं.

या अडचणीवरची पद्धत नेटकेपणाने मांडली ती भाषाशास्त्रज्ञ लीसा मॅथ्यूसन यांनी. १९९६ मध्ये त्यांनी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. घेतली, आणि सेलिश भाषाकुळातल्या लिलूएट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेवर वयस्कर भाषकांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. २००४ मधल्या त्यांच्या लेखाचा गाभा असा: गोळा केलेल्या कथा-संभाषणांत लोक काय म्हणतात ते सापडतं, काय म्हणत नाहीत ते सापडत नाही. अर्थाची हद्द मात्र नकारांवरूनच आखता येते. म्हणून प्रसंग सांगायचा, वाक्य म्हणायचं आणि ते त्या प्रसंगात चालेल का एवढंच विचारायचं. अर्थ काढणं हे संशोधकाचं काम, ते भाषकावर ढकलायचं नाही.

प्रसंगांची कार्डं

एका कार्डावर एक प्रसंग, दोन ते चार वाक्यांत. शेजारच्या दोन प्रसंगांत एकच गोष्ट बदललेली हवी. दोन बदलल्या तर नकार कशामुळे आला ते कळत नाही. ‘म्हणे’साठी सुरुवातीचा संच असा होईल:

कार्ड १. तुम्ही खिडकीत उभे आहात, बाहेर पाऊस पडताना दिसतोय. वाक्य: ‘पाऊस पडतोय म्हणे.’

कार्ड २. सकाळी दार उघडलं तर रस्ता ओला, पागोळ्या गळताहेत. कुणाशी बोलणं झालेलं नाही. वाक्य: ‘रात्री पाऊस पडला म्हणे.’

कार्ड ३. सगळं कार्ड २ सारखंच, फक्त रात्री सर पडून गेल्याचं शेजारणीने सांगितलं. वाक्य तेच.

कार्ड ४. रेडिओवर सांगितलं की आज एसटी बंद आहे. तुम्ही स्टँडवर पोचलात तर एसटी समोर उभी. मित्राला फोनवर सांगता: ‘आज एसटी बंद आहे म्हणे, पण इथे तर उभी आहे.’

पहिल्या दोन कार्डांवर नकार आणि तिसऱ्यावर होकार अपेक्षित आहे. दुसऱ्या कार्डावर बहुतेक जण आपणहून ‘पडला असावा’ किंवा ‘पडलेला दिसतोय’ असं सुचवतात, आणि ती सुचवणी नुसत्या नकारापेक्षा मोलाची. खरी परीक्षा चौथ्या कार्डाची. ‘आज एसटी बंद असणार, पण इथे तर उभी आहे’ हे कानाला खटकतं. ‘म्हणे’ घातलं की खटकत नाही. म्हणजे ‘म्हणे’ वापरणारा त्या गोष्टीच्या खरेपणाची हमी घेत नाही.

मार्टिना फालर यांनी २००२ च्या प्रबंधात पेरूमधल्या कुस्को क्वेचुआ भाषेतल्या, ‘म्हणे’सारखं काम करणाऱ्या ऐकीव-प्रत्ययाबद्दल हेच दाखवलं: ‘त्यांनी मला पैसे दिले म्हणे, पण दिले नाहीत’ या धर्तीचं वाक्य तिथे चालतं. लिलूएटमध्ये मात्र तसंच वाक्य भाषकांनी नाकारलं. त्यावरून मॅथ्यूसन, हेन्री डेव्हिस आणि होत्झे रुलमान यांनी २००७ मध्ये असं मांडलं की लिलूएटचा ऐकीव-शब्द ‘असावा, असणार’ यांच्यासारखा शक्यतादर्शक आहे. दोन भाषांतल्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा एवढा मोठा फरक एका कार्डावर उघडा पडतो. त्यामुळे हे कार्ड गाळू नये, आणि एकाच वाक्यावर भागवूही नये.

‘म्हणे’च्या खास खोड्या

पहिली खोडी सुराची. ‘म्हणे पैसे दिले!’ असं वाक्याच्या सुरुवातीला आलेलं ‘म्हणे’ सहसा टोमणा असतो, आणि शेवटचं ‘म्हणे’ही ओढून उच्चारलं की टोमणाच होतो. चौथ्या कार्डाला टोमण्याच्या सुरातच होकार मिळाला, तर खोटेपणा शब्दाने सामावून घेतला की सुराने, हे सांगता येणार नाही. म्हणून त्या कार्डात भांडण, फसवणूक, उधारी असलं काही आणू नका. सगळी वाक्यं सपाट सुरात म्हणा. शक्य असेल तर त्याच बोलीच्या माणसाकडून आधी रेकॉर्ड करून ऐकवा.

दुसरी खोडी क्रियापदाची. ‘आजी म्हणे, उद्या ये’ यातलं ‘म्हणे’ हे ‘म्हणत असे’ या अर्थाचं रूप आहे. बोलू शकेल असा कर्ता वाक्यात असला की दोन्ही अर्थ शक्य होतात आणि भाषक कोणत्या अर्थाला कौल देतोय ते कळत नाही. पाऊस, एसटी, लाइट, धरण असे कर्ते घ्या.

नकारार्थी वाक्याचंही एक कार्ड ठेवा. प्रसंग: पावसाबद्दल कुणीच काही बोललेलं नाही. वाक्य: ‘पाऊस पडला नाही म्हणे.’ इथे नकार मिळायला हवा, कारण या वाक्याचा अर्थ ‘पाऊस पडला नाही असं कुणीतरी सांगितलं’ असाच होतो, ‘पडल्याचं कुणी सांगितलं नाही’ असा होत नाही.

बैठक

तासाभराची बैठक पुरे. त्यात वीस-पंचवीस कार्डं होतात, आणि त्यातली निम्मी तरी ‘म्हणे’शी संबंध नसलेली असावीत. नाहीतर दहाव्या कार्डापर्यंत भाषकाला तुमचा रोख कळतो आणि तो नियम बनवून उत्तरं देऊ लागतो. जोडीची कार्डं लागोपाठ ठेवू नका, दुसऱ्या भाषकाकडे क्रम उलटा करा.

प्रश्न ‘हे बरोबर आहे का?’ असा नको. ‘बरोबर’ म्हटलं की शाळेतलं शुद्धलेखन जागं होतं. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा माणूस लगेच प्रमाणभाषेत शिरतो आणि घरात रोज बोललं जाणारं वाक्य चूक ठरवतो. ‘अशा वेळी तुम्ही असं म्हणाल का?’ हे विचारा, तेही तोंडी. वाक्य कागदावर दिसलं तर ते लेखी भाषेच्या मापाने मोजलं जातं.

नकार आला की ‘का?’ विचारण्याऐवजी ‘मग तुम्ही काय म्हणाल?’ असं विचारा. फक्त ‘म्हणे’ काढून ‘असावा’ घातलं तर नकार तुमच्या प्रश्नाशी संबंधित आहे. ‘पाऊस’च्या जागी ‘पाणी’ आलं तर तो बोलीचा मुद्दा झाला. वाक्य दुरुस्त करून पुन्हा विचारा. भाषकाने दिलेलं स्पष्टीकरण टिपून ठेवा, पण ते धागा म्हणून. पुरावा कौलाचाच.

प्रत्येक वाक्य निदान एका तरी प्रसंगात होकार मिळवतं ना, हे पाहिल्याशिवाय नकारांवर काही बांधू नये. सगळीकडे नाकारलं गेलेलं वाक्य बहुधा रचनेतच बिघडलेलं असतं. लिहितानाही हा फरक पाळतात: रचना बिघडली असेल तर वाक्याआधी तारा, रचना ठीक पण प्रसंगात बसत नसेल तर हॅशचं चिन्ह.

नोंद

प्रत्येक कौलासमोर कार्ड क्रमांक, वाक्य जसं उच्चारलं तसं, भाषकाचा सांकेतिक क्रमांक, चालेल/नाही/अडखळत, आणि सुचवलेला पर्याय. प्रसंग न लिहिता ठेवलेला नकार महिन्याभराने कुचकामी होतो. रेकॉर्डिंग संमती घेऊन, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर करा. एमपी३मध्ये आवाजाचा काही तपशील कायमचा गळतो. भाषकाच्या वेळेचं मानधन आधी ठरवा.

चार-पाच भाषकांचे कौल जुळले नाहीत तर सरासरी काढू नका. आधी त्यांना प्रसंग पुन्हा सांगायला लावा. निम्म्या वेळा असं निघतं की एकाने मनातच शेजारीण घुसवली होती.

चित्रकथा

कार्डांचे कौल जुळल्यावर चित्रकथेकडे वळा. मॅथ्यूसन आणि स्ट्रँग बर्टन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत भाषकाला चित्रं दाखवून गोष्ट सांगतात आणि मग चित्रं बघत ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतात. चित्रांवर मजकूर नसतो. ‘म्हणे’साठी गावभर पसरलेल्या अफवेची गोष्ट घ्या, शेवटी अफवा खोटी निघेल अशी. ती हिंदीतून सांगितली तर ‘सुना है’ टाळा, नाहीतर परत ‘ऐकलंय’ मिळेल आणि ‘म्हणे’ येणारच नाही.

हाच संच गोव्यात नेता येतो. कोंकणीत ऐकीव माहितीला ‘खंय’ लागतं. कार्डांवरचे प्रसंग तसेच ठेवा, वाक्यं मात्र तिथल्या भाषकाकडून नव्याने बनवून घ्या.