जुन्या स्कूल बसचे घर : नागपूरच्या उन्हाचा विचार करून

जुनी स्कूल बस विकत घेण्यापूर्वी तिच्याखाली शिरून चॅसी आणि तळाचा पत्रा गंजला आहे का, हे टोचून पाहावे. इंजिन दुरुस्त करता येते, कुजलेला सांगाडा मात्र घराचा भार पेलत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, म्हणून आसने काढण्याआधीच आरटीओकडे लेखी विचारणा करावी.

खरे काम छताचे आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या बसचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्यामुळे आतले आच्छादन उतरवून, गंज घासून, प्रायमरचा हात दिल्यावर लोखंडी कमानींमधल्या जागेत उष्णतारोधक फोम बसवावा. कमानींवर थेट प्लायवूड ठोकल्यास त्यांच्यातूनच उष्णता आत उतरते, म्हणून मध्ये लाकडी पट्टी द्यावी, आणि हे किचकट काम कंटाळून कोणी टाळू नये, असे मला कळकळीने वाटते. छताला बाहेरून पांढरा रंग द्यावा. कूलर लावल्यास समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर आत नुसता दमटपणा साचतो.

२०० लिटर पाण्याचे वजन २०० किलो भरते, म्हणून टाकी पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसवावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारे छिद्र असलेच पाहिजे.