ऑपरेशननंतर डॉक्टरांकडून उत्तर कसं मिळवायचं

दुर्बिणीतून चार भोकं पाडू, पित्ताची पिशवी काढू, दुसऱ्या दिवशी घरी. एवढं सांगून मला आत नेलं होतं. शुद्धीवर आले तर उजव्या बरगडीखाली वीतभर आडवी पट्टी आणि कुशीतून नळी. दादरला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. आत काय झालं आणि परात कधी उचलू, एवढंच मला हवं होतं. चार दिवस कुणी सांगितलं नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पाचव्या दिवशी उत्तर कसं मिळालं ते लिहिते.

मोठे डॉक्टर राऊंडला येतात ते दीड मिनिट. ‘कसं वाटतंय?’ म्हणतात, आपण ‘बरंय’ म्हणतो, की गेले पुढच्या खाटेकडे. शेवटी वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, सर सव्वाआठला येतात. चहा मागाहून घ्या, आधी वही घेऊन बसा.’’ ऑर्डरच्या वहीत मी अकरा प्रश्न लिहिले होते. वहिनींनी आठ खोडले. उरले ते असे: आत काय दिसलं म्हणून पोट उघडलं? नळी कधी काढणार? वजन कधीपासून उचलू? ‘तुमचं काही चुकलं का?’ हा प्रश्न माझ्या ओठांवर होता, पण तो पहिला विचारला की समोरचा जपून बोलायला लागतो.

सरांनी वही मागून घेतली आणि तिच्यात पेरूसारख्या पिशवीचं चित्र काढलं, खाली पित्तनलिका. सुजेने सगळं एकमेकाला चिकटलेलं, कुठली नळी कुठली ते ओळखू येईना. मुख्य नलिकेला इजा झाली तर फार महागात पडतं, म्हणून दुर्बीण बाजूला ठेवून, पोट उघडून हातानेच केलं. सहा आठवडे परात नाही. खांदा का ठणकतो हेही तेव्हाच कळलं (मी हृदयाचं समजून घाबरले होते): पोट फुगवायला वायू भरतात, त्याने छातीखालचा पडदा डिवचला जातो आणि कळ खांद्यात येते. ते चित्र अजून वहीत आहे, खाली शनिवारच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर.

तोंडी ऐकलेलं पुढच्या डॉक्टरला दाखवता येत नाही. डिस्चार्ज कार्डावर तर दोनच ओळी असतात. खरी हकीकत ‘ऑपरेशन नोट्स’मध्ये: आत काय सापडलं, काय केलं, नळी का ठेवली. त्यासाठी मेडिकल रेकॉर्ड विभागात साधा अर्ज द्या. नाव, इनडोअर नंबर (भरती होताना मिळालेला), दाखल आणि डिस्चार्जची तारीख घाला आणि ‘ऑपरेशन नोट्ससह संपूर्ण केसपेपरची प्रत’ असं स्पष्ट लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मला ‘असं देत नाही, कोर्टातून आणा’ म्हणाले. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात, हे अर्जातच लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात. तरीही अडवलं आणि हॉस्पिटल खासगी असेल, तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. उशीर मात्र नको, त्याच नियमांत रेकॉर्ड तीन वर्षं जपण्याचीच सक्ती आहे.

मेडिक्लेमसाठी मूळ कागद देणार असाल तर आधी सगळ्याची झेरॉक्स काढा.

ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, पोटदुखी वाढत जाणं, टाक्यांतून पाणी किंवा पू, यातलं काही दिसलं तर अर्ज-बिर्ज बाजूला ठेवून सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आणि एक कागद बहुतेक जण विसरतात. काढलेली पिशवी तपासायला पाठवतात, तिचा बायॉप्सी रिपोर्ट डिस्चार्जनंतर येतो. क्वचित कॅन्सर तिथेच पहिल्यांदा कळतो. कधी आणि कुठल्या खिडकीवर मिळेल, हे घरी निघण्याआधी सिस्टरना विचारून कार्डावर लिहून घ्या. मला कुणाचा फोन आला नाही. अकराव्या दिवशी दुपारच्या रिकाम्या लोकलने, पोटाशी उशी धरून, मीच गेले. रिपोर्ट ट्रेमध्ये पाच दिवस पडून होता. खडे आणि जुनी सूज, बाकी काही नाही.