सव्हाना वाचवायच्या कामात येताय? आधी जमीन कुणाची ते बघायला शिका

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या सव्हानात काम करायचंय म्हणणारे बहुतेक जण पक्षी, कॅमेरा ट्रॅप, ड्रोन असं डोक्यात घेऊन येतात. मीपण तसाच आलो, डार्विनमध्ये जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे बनवणं आणि तपासणं) शिकलो, मग एका छोट्या पर्यावरण संस्थेत लागलो आणि सुरुवातीला हातात पडलं काय तर लीजचे कागद, नकाशे आणि जमीन साफ करायच्या, म्हणजे झाडं काढून टाकायच्या, परवानगीचे अर्ज. रटाळ वाटतं, पण खरी लढाई तिथेच होते, म्हणून सविस्तर लिहितोय.

पश्चिमेला किंबर्ली, मध्ये नॉर्दर्न टेरिटरीचा टॉप एंड, पूर्वेला केप यॉर्क. हा पट्टा म्हणजे जगात उरलेला सगळ्यात मोठा, बऱ्यापैकी अखंड असा उष्णकटिबंधीय सव्हाना. दिसायला काय, तर विरळ झाडं आणि खाली गवत, त्यामुळे "इथं वाचवण्यासारखं आहे काय" हे मीटिंगमध्ये हमखास ऐकावं लागतं. स्ट्रिंगीबार्क आणि वूलीबट हे इथले मुख्य निलगिरी. वाळवी त्यांना आतून पोखरते, बाहेरून झाड धडधाकट दिसतं आणि आतल्या ढोलीत पोसम, ट्री-रॅट, पोपट राहत असतात. अशी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं जातात, त्यामुळे "बदल्यात दुसरीकडे रोपं लावू" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आणि तोडायला वेळ किती लागतो? दोन बुलडोझर समांतर चालतात, मध्ये जाडजूड साखळी, मधलं सगळं मुळासकट आडवं. नंतर ते लांब ओळींत रचून पेटवून देतात.

आता जमिनीचं. टेरिटरीची साधारण निम्मी जमीन 1976 च्या लँड राइट्स कायद्यामुळे ॲबोरिजिनल लोकांच्या मालकीची आहे. जवळपास 45 टक्के पास्टोरल लीज, म्हणजे गुरं पाळायला सरकारने दिलेली जमीन, तिथं झाडं काढायची परवानगी पास्टोरल लँड बोर्ड देतं, 1992 च्या कायद्याखाली. उरलेल्या खासगी जमिनीला प्लॅनिंगचा कायदा लागतो. म्हणजे जंगल तेच, कुंपणाच्या अलीकडे एक ऑफिस आणि पलीकडे दुसरं. त्यात 1996 च्या हायकोर्टाच्या विक निकालानंतर पास्टोरल लीज असलेल्या जमिनीवरही नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ लोकांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क, टिकून असू शकतं, आणि धोक्यातल्या प्रजातींवर मोठा परिणाम होणार असेल तर 1999 चा केंद्राचा ईपीबीसी कायदा (पर्यावरण आणि जैवविविधता संरक्षणाचा) मध्ये येतो. हे डोक्यात बसलं नसेल तर तुमचा पक्ष्यांचा डेटा कितीही भारी असू दे, चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो.

सॅटेलाइटचं काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सेंटिनेल-2 या युरोपियन सॅटेलाइटचे फोटो फुकट मिळतात, 10 मीटर रिझोल्यूशन, काही दिवसांनी परत तीच जागा दिसते, पण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळ्यात ढग पिच्छा सोडत नाहीत. आणि कोरड्या मोसमात जिकडेतिकडे जळालेली जमीन, ती नवशिक्याला साफ केलेल्या जमिनीसारखीच वाटते. कडा बघा. आगीची कड वेडीवाकडी असते, ओढ्याला किंवा रस्त्याला जाऊन थांबते. मशीनची कड सरळ असते, आत झाडांच्या ढिगाऱ्याच्या समांतर रेघा दिसतात. तरी शंका राहिली तर पावसाळ्यानंतरचा सॅटेलाइट फोटो शोधून बघा, जळालेल्या जागी झाडांचे शेंडे परत हिरवे झालेले असतात, साफ केलेल्या जागी शेंडेच नसतात, फार तर गवताचा सपाट हिरवा रंग.

आगीला शत्रू समजून मात्र येऊ नका. इथले मूळ लोक कोरड्या मोसमाच्या सुरुवातीला थोडं थोडं जाळत आलेत, म्हणजे नंतरचे मोठे वणवे पेटत नाहीत. 2006 पासून वेस्ट आर्नहेम लँडमध्ये याच ज्ञानावर रेंजर लोकांचा (म्हणजे आपल्याच जमिनीची देखभाल करणाऱ्या स्थानिक मूळ लोकांच्या टीमचा) कार्बनचा प्रकल्प चालू आहे, वणव्यांचा धूर कमी करून कार्बन क्रेडिट मिळवायचा. खरी डोकेदुखी गांबा गवत, गुरांच्या चाऱ्यासाठी आफ्रिकेतून आणलेलं, चार मीटरपर्यंत वाढतं आणि देशी गवतापेक्षा आठपटीपर्यंत तीव्र आग लावू शकतं. त्यामुळे जमीन मोकळी करून नवीन चारा लावणार असं अर्जात दिसलं की कुठलं गवत ते आधी शोधा.

रेंजर्सबरोबर काम करायची संधी मिळाली तर सोडू नका, फक्त ॲबोरिजिनल जमिनीवर पाय ठेवायला परमिट लागतं, ते लँड काउन्सिलकडून (मूळ मालकांच्या वतीने जमिनीचं काम बघणारी संस्था) आधीच घ्या, "गेल्यावर बघू" चालत नाही. फोर बाय फोर चालवता येणं आणि फर्स्ट एडचं सर्टिफिकेट हे पदवीइतकंच बघितलं जातं. नोकऱ्या बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टच्या, फंडिंग संपलं की संपल्या, त्यामुळे एखादं विकाऊ स्किल हातात ठेवाच, मॅपिंग किंवा रिपोर्ट लिहिणं.

इंटरव्ह्यूला जायच्या आधी एवढं करा, जाहीर झालेला एखादा अर्ज घ्या, नकाशांसकट पूर्ण वाचा. ओढ्याच्या कडेने किती पट्टा सोडलाय, आजूबाजूला आधी किती साफ झालंय, पाणी कुठून उपसणार, कॅथरीन-डेलीच्या बाजूला असेल तर खाली चुनखडीतलं भूजल आहे का. मग त्यावर दोन पानांची हरकत लिहा आणि मुदत संपायच्या आत खरंच पाठवून द्या, त्याची कॉपी सीव्हीला जोडली तरी चालते.