प्रवाळ शिकायचेत? आधी नुसतं खारं पाणी सांभाळा

ऐरोलीत आमच्या बिल्डिंगमधली कॉलेजची मुलं विचारतात, "ताई, प्रवाळ शिकायचेत, टँक घेऊ का?" टँक जरूर घ्या. दगडी प्रवाळ, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणारी पोवळी, मात्र विकत घेऊ नका. 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच यादीत. मलाही एका दुकानदाराने 'लाइव्ह रॉक' (टँकमध्ये ठेवायचा सच्छिद्र समुद्री दगड) म्हणत जिवंत पोवळ्याचा तुकडा दाखवला होता. मी तशीच परत फिरले.

माझा टँक दोन फुटी. आरओचं पाणी, त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ, दोन क्लाउनफिश. दर रविवारी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, तपासते. नळीत 5 मिली पाणी घ्यायचं आणि निळ्याचा पिवळा होईपर्यंत किटमधल्या रसायनाचे थेंब टाकत मोजायचे. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे अल्कलिनिटीची एक डिग्री. आठ थेंबांच्या आसपास पिवळं झालं की मला हायसं वाटतं. प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासूनच बांधतो, म्हणून हा आकडा डुलला की तो आधी आजारी पडतो. परदेशात टँकमध्ये अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचे दगडी प्रवाळ वाढवणारे लोक त्यासाठी रोज कॅल्शियम-कार्बोनेटचा डोस देतात.

एकदा मे महिन्यात दुपारी चार तास लाइट नव्हती. पाणी 26 वरून 31 अंशांवर गेलं, मासे वर येऊन तोंड उघडू लागले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मी मगाने टँकचंच पाणी उंचावरून ओतत बसले. मासे वाचले. समुद्रातल्या प्रवाळांना कुठला मग? उष्मा काही आठवडे टिकला की त्यांच्या पेशींतलं शैवाल, म्हणजे त्यांना मुख्य अन्न बनवून देणारंच, निघून जातं आणि ते पांढरे पडतात. 1998 मध्ये लक्षद्वीपला हेच झालं.

खरं शिकणं खडकावर होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, जाणकारासोबत, हाजीअलीला जा. माझ्या भिंगाखाली प्रवाळाचा मुठीएवढा तपकिरी गोळा आला, त्यावर चांदण्यांसारखे लहान लहान कप आणि मधून पांढऱ्या रेषा. मुंबईच्या गढूळ पाण्यातसुद्धा हे जगतात! किनारा रस्त्याच्या कामासाठी 2020 मध्ये इथल्याच प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या होत्या.

पुढे प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग सागरी विज्ञान; किंवा मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. पोहायला मात्र आत्ताच शिका; मालवणला डायव्हिंग करायचंय ना? आणि ओहोटीला जाताना घट्ट तळव्यांचे जुने बूट घाला. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा, खालच्या बाजूलाही कुणी राहत असतं.