माइक स्टीव्हन्स ऐकायचाय? मग जुन्या टेपपासून सुरू करू नका

आधी स्पेलिंग. उच्चार माइकच, पण वेल्शमध्ये ते एम-ई-आय-सी असं लिहितात. मी दोन दिवस नेहमीच्या स्पेलिंगने शोधत बसलो आणि भलतेच माइक निघत राहिले. हा वेल्सच्या किनाऱ्यावरच्या सॉल्वा गावचा गायक-गीतकार, जन्म 1942.

आता बहुतेक लोक काय करतात, की ‘सापडलेली रेकॉर्डिंग्ज’ वाचलं की थेट तिकडेच उडी मारतात, म्हणजे टोनी पाईकच्या स्टुडिओत 1965 मध्ये झालेलं रेकॉर्डिंग, टोनी पाईक सेशन, आणि मग म्हणतात की हे काय, नुसता एक माणूस आणि गिटार. अहो तेच तर आहे ते! पण त्याची मजा नंतर कळते, म्हणून सुरुवात करा 1970 च्या ‘आउटलँडर’पासून. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने काढलेला इंग्लिश अल्बम, तेव्हा फारसा चालला नाही. त्यातलं ‘यॉरिक’ हेडफोन लावूनच ऐका, सतार आणि तबला आहे त्यात, आणि आपला कान तबल्याला सरावलेला असल्याने मला तरी ते गाणं लगेच भिडलं.

मग वेल्श गाणी. भाषा कळत नाही म्हणून सोडू नका. एका ईपीचं (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) नाव ‘मूग’ आहे, लिहितात एम-डब्ल्यू-जी, आपले मूग नाहीत, वेल्शमध्ये मूग म्हणजे धूर 😄 (त्यांच्याकडे डब्ल्यू हा स्वर असतो, ऊसारखा, एवढं कळलं तरी अर्धी नावं वाचता येतात.) 1972 चा ‘ग्विमॉन’ म्हणजे समुद्री शेवाळ, तो सलग ऐका, मधेमधे गाणी बदलू नका.

आणि आता ती टोनी पाईकची टेप. 1965 मध्येच डेक्का कंपनीने त्याचं ‘डिड आय ड्रीम’ काढलं होतं, आधी ते लावा, त्यात सगळा वाद्यवृंदाचा थाट आहे, आणि लगेच पाठोपाठ त्याच वर्षीचं ते सेशन लावा. स्टुडिओवाल्यांनी या पोराला काय काय नेसवलं होतं ते तेव्हा कळतं, आणि गिटारवरची बोटं पण नीट ऐकू येतात.

एक सांभाळा, हे सेशन बाहेर आलं 2002 मध्ये, त्यामुळे यादीत तेच वर्ष दिसलं तर म्हातारपणचा अल्बम समजून पुढे जाऊ नका. ‘घोस्ट टाउन’चं पण तसंच, गाणी साठच्या दशकातली, रेकॉर्ड 1997 ची. जुनी रेकॉर्ड विकत घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी लेबलचा फोटो मागवा, मी मागवला नव्हता आणि मूळ प्रत म्हणून रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली प्रत, गळ्यात पडली.