पोरगं समुद्रकाठी कामाला आहे आणि चक्रीवादळाची बातमी आली, तर घरून काय करायचं

आपल्या खान्देशातली किती पोरं सुरत, हजिरा, वापी, उरणकडे कामाला आहेत ते सांगायला नको, गल्लीत एक तरी घर असतंच. वादळाची बातमी आली की इकडून फोन जातो आणि तिकडून पोरगं म्हणतं, काही नाही, जरा वारा सुटलाय. मे 2021 ला तौक्ते वादळाच्या वेळी माझ्या भाच्यानं हेच सांगितलं, खाडीजवळ पत्र्याच्या खोलीत राहायचा तो, आणि मी पण बरं बरं म्हणून फोन ठेवला. त्याला काही झालं नाही. पण नंतर मी 1999 च्या ओडिशाच्या वादळाबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि तेव्हा कळलं की मी फोन ठेवायला नको होता.

सगळ्यात आधी आपल्या डोक्यातलं वादळ बदला. आपल्याकडे वादळ म्हणजे मे-जूनमध्ये रावेर-यावलकडे वारा लागतो, घड लागलेली केळी आडवी पडते, पत्रे उडतात, तासाभरात सगळं शांत. समुद्रकाठी वारा तर असतोच पण माणसं जास्त मरतात पाण्यानं. 29 ऑक्टोबर 1999 ला ते वादळ पारादीपजवळ जमिनीवर आलं तेव्हा वारा ताशी 260 किलोमीटरच्या आसपास होता, आणि त्याच्यासोबत समुद्र 5-6 मीटर उंच होऊन आत शिरला, म्हणजे दुमजली घर बुडेल एवढा. तिकडची जमीन आपल्या तापीकाठासारखी सपाट, पाणी कित्येक किलोमीटर आत गेलं. सरकारी आकडाच जवळपास 10 हजार मृत्यूंचा आहे आणि त्यातले 8 हजारांवर एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातले, एरसमा भागात सगळ्यात जास्त. गुरं लाखांनी गेली, वावरात खारं पाणी बसलं. तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले तरी पाणी नदीच्या पात्रानं येतं, कुठून येणार ते आपल्याला माहीत असतं. इथं समोरचा समुद्रच उठून येतो.

आणि हे फक्त तिकडचं नाही हो. 9 जून 1998 ला गुजरातेत कांडल्याला वादळ आलं, हजारावर माणसं गेली, त्यात मिठागरावरचे मजूर खूप होते. आपली पोरं पण तशीच कामाच्या जागेला लागून राहतात.

आता हवामान खात्याचं बुलेटिन कसं बघायचं. वाऱ्याचा आकडा सगळे चॅनल दाखवतात, तुम्ही त्यात 'स्टॉर्म सर्ज'ची, म्हणजे वादळानं समुद्र किती उंच होणार त्याची ओळ शोधा. तिथं 2 मीटर लिहिलं असेल तर ते रोजच्या भरतीच्या वर 2 मीटर असं धरायचं, त्यामुळे भरतीची वेळ पोराला तिथल्या लोकांकडून विचारून घ्यायला लावा. वादळ जमिनीवर यायच्या वेळीच भरती असेल तर धोका जास्त. इशाऱ्याच्या रंगांचं सोपं आहे, पिवळा आला की बॅग भरायची, नारिंगी आला की निघायचं, लालची वाट बघायची नाही, कारण तोपर्यंत बस-रेल्वे बंद होऊ शकते.

फोनवर काय विचारायचं हे पण ठरवून ठेवा. 'कसा आहेस' विचारलं की 'बरा आहे'च उत्तर येणार. खोली पत्र्याची की स्लॅबची, खाडी किती लांब, वरचा मजला आहे का, जवळचं शेल्टर, म्हणजे वादळात आसरा घ्यायची पक्की इमारत, किंवा पक्की शाळा कोणती, हे विचारा. ठेकेदार सोडत नाही म्हणाला तर तुम्ही मोठ्या माणसानं स्वतः त्याच्याशी बोला, त्यात लाज नाही, एका दिवसाची मजुरी बुडाली तर बुडू द्या. 1999 ला ओडिशात रेडक्रॉसची 23 शेल्टर होती, त्यात गेलेले हजारो लोक वाचले. पुढं 2013 ला फायलिन वादळ आलं तेव्हा ओडिशानं जवळपास 10 लाख माणसं आधीच हलवली आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. समुद्र तोच, किनारा तोच, लोक वेळेत उठले एवढाच फरक.

सोबत आधार कार्ड, रोजची औषधं, चार्ज केलेली पॉवर बँक, पाणी, फुटाणे-मुरमुरे, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून. बाकी सामान जाऊ द्या.

एक गोष्ट पोराला दोनदा सांगा. मधेच वारा एकदम थांबतो, आभाळ पण उघडल्यासारखं दिसतं, ते वादळ संपलं नाही, तो वादळाचा डोळा वरून चाललाय, थोड्या वेळानं उलट्या दिशेनं तेवढाच जोरात वारा येतो. तेव्हा खोलीवर सामान बघायला जायचं नाही.

नंतर फोन लागणार नाही, हे आधीच मनाशी धरा. टॉवर पडतात, लाइट जाते. म्हणून वादळाच्या बाहेरचा एक माणूस ठरवा, जळगावचा काका धरा, रेंज आली की पोरानं त्यालाच एक मेसेज टाकायचा आणि घरच्यांनी पण त्यालाच विचारायचं, नाहीतर सगळे मिळून पोराची बॅटरी संपवतात. दोन दिवस काहीच कळलं नाही तर त्या जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला लावा, नंबर 1077, पण नुसता लावला तर आपल्याच जिल्ह्यात लागेल, आधी तिकडचा एसटीडी कोड टाकायचा. तो कोड आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आईला दिसेल असा मोठ्या अक्षरात.